निळीत बुडवलेली कुरडू

मिलचा पहाटेचा भोंगा वाजला आणि नरसय्या सवयीनं ताडकन उठून बसला. नोकरी संपून पाच महिने झाले होते, पण ही गोष्ट भोंग्याला कुणी कळवली नव्हती. एरवी तो पुन्हा आडवा व्हायचा आणि मग झोप लागली नाही म्हणून दिवसभर घरात डाफरत फिरायचा. आज मात्र त्यानं उशाशी ठेवलेलं पागोटं अंधारातच डोक्यावर चढवलं. आज बतुकम्माचा, फुलांच्या सणाचा, शेवटचा दिवस, उद्या दसरा. मिलच्या रंगखात्यात एकतीस वर्षं पन्नास माणसं हाताखाली वागवलेल्या जमादाराला आज पुन्हा माणसं मिळणार होती. माणसं म्हणजे बायको आणि लेक, पण आहेत ती आहेत.

"उठा! पहिली पाळी तरवडीची, दुसरी पाळी कुरडूची! ऊन चढलं की फूल मान टाकतं!"

"नायना, अजून कोंबडाबी उठला न्हाय," कमलम्मा गोधडीतूनच म्हणाली.

"कोंबड्याला कुटं फुलं रचायचीत? ऊठ."

कमलम्मा परवाच अक्कलकोटहून आली होती. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी बतुकम्माला तिला आणायला बाप स्वतः जायचा आणि तिची ट्रंक हमालाला न देता आपल्या खांद्यावर घ्यायचा. नरसय्या गड्डमच्या घरात बोलणं तेलुगू, गल्लीत मराठी आणि भांडण दोन्हींत. त्यामुळं 'नायना' म्हणजे बाप, एवढं तेलुगू शेजारच्या मराठी पोरांनाही येत होतं.

सुंदरम्मा दोघांच्याही आधी उठून चुलीपुढं बसली होती. चिंचेचा भात, दहीभात, तिळाचा भात, खोबऱ्याचा भात आणि ज्वारीच्या भाकरीचा गूळ घालून मलिदा. हात चालले होते, पण तिचं मन भातात नव्हतं. हौदाच्या कडेला पालथी घातलेली मोठी पितळी परात तिला सारखी दिसत होती. संध्याकाळपर्यंत त्या परातीत भोपळ्याची पानं अंथरून त्यावर फुलांचे थर चढायचे, खाली रुंद, वर निमुळते, आणि शेंड्यावर हळदीची गौरम्मा बसायची. मग गल्लीतल्या सगळ्या बतुकम्मा देवळापुढच्या पटांगणात मांडायच्या, बायकांनी भोवती टाळ्यांचा फेर धरायचा आणि शेवटी ती फुलं तळ्यात सोडायची. गड्डमांच्या घरात बतुकम्मा उंबऱ्याबाहेर निघायची ती सुनेच्या डोक्यावरून. सुंदरम्मानं पस्तीस वर्षं ती उचलली होती. मग महादेवी सून म्हणून आली, आणि चार वर्षं तिनं उचलली. यंदा सून अकरा घरं पलीकडं राहत होती, आणि नवऱ्यासमोर तिचं नाव काढायची चोरी होती.

बापलेक पिशव्या घेऊन होटगीच्या वाटेला गेले, तशी सुंदरम्मा कुंकवाचा करंडा घेऊन बोलावण्याला निघाली. सणाचा उत्साह गल्लीत उतू जात होता. दारोदार सडे पडले होते, माग बंद होते, आणि एरवी खटक्यांच्या आवाजात बुडालेली गल्ली आज बायकांच्या बोलण्यानं भरली होती. प्रत्येक घरी कुंकू, प्रत्येक घरी चहा, आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न.

"सुंदरक्का, यंदा तुमची उचलणार कोण?"

"कमला आली की."

"ती लेक. लेकीनं माहेरची उचलून कसं चालंल?"

"चालंल न चालंल, तळ्याला काय कळतंय?" असं म्हणून सुंदरम्मा हसायची आणि पुढच्या घराकडं वळायची. हसून हसून तिचे गाल दुखायला लागले. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि तरी विचारत होत्या. ती मनातल्या मनात एकेकीचं नाव घेऊन चरफडली.

झालं होतं ते एवढंच. रिकामा झालेला जमादार घरी बसला आणि महिनाभरात त्यानं घराचं खातं करून टाकलं. सुताच्या कांड्या भरणाऱ्या सुनेच्या मागं उभं राहायचं, माग चालवणाऱ्या मुलाचे, येडूचे, खटके मोजायचे. एक दिवस येडूच्या साडीच्या किनारीत दोन धागे उलटे गेलेले त्याला दिसले. त्यानं कात्री आणली आणि गल्लीतली चार माणसं बघत असताना मागावरचं कापड कापून काढलं. विणकराच्या घरात मागावरचं कापड विणणाराच उतरवतो. दुसऱ्यानं त्याला कात्री लावणं म्हणजे भर चौकात डोक्यावरची टोपी उडवण्यासारखं. संध्याकाळी येडूनं माग सोडवला, बायकोला घेतलं आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला भाड्याची खोली केली. तेव्हापासून नरसय्याच्या बोलण्यात मुलगा नुसता 'तो' झाला होता.

दहाच्या सुमाराला बापलेक परतले. पिवळ्याधमक तरवडीच्या दोन पिशव्या, कुरडूच्या पांढऱ्या तुऱ्यांचं गाठोडं, आणि कमलम्माच्या पायात बाभळीचा काटा.

"कुंकवाच्या पाण्यात रंगवू का तुरे?" तिनं विचारलं. सगळ्या घरांत तसंच चालायचं. पांढरे तुरे कशाततरी बुडवून लाल-हिरवे करायचे, म्हणजे थर उठून दिसतात.

नरसय्यानं तिच्याकडं दयेनं पाहिलं. "गेल्या वर्षी फेर धरताना आपल्या बतुकम्माचा लाल रंग गळून परातीत उतरला. बायका हसल्या. नरसय्या जमादाराच्या घरचं फूल आणि कच्चा रंग? यंदा पक्का. नीळ!"

परसात जमिनीत पुरलेला त्याचा निळीचा माट होता. निवृत्तीनंतर गल्लीतल्या विणकरांचं सूत तो त्यात रंगवून द्यायचा.

"देवीचं फूल त्या घाण वासाच्या माटात?" सुंदरम्मा करवादली.

"घाण काय त्यात? चुना हाय, गूळ हाय. दोन्ही तू रोज खातीस."

त्यानं धोतर खोचलं आणि तुऱ्यांची एक जुडी माटात बुडवली. वर काढली तेव्हा ती पिवळट हिरवी दिसत होती. कमलम्मानं नाक मुरडलं. "निळी कुटाय?"

"थांब की. नीळ वारा पिते, मग उघडते." त्यानं जुडी हवेत धरली, आणि तिघांच्या डोळ्यांसमोर तुऱ्यांची टोकं हिरवी होत होत निळी झाली. सुंदरम्मासुद्धा रागवायचं विसरली. असा निळा थर गल्लीत कधी कुणाच्या बतुकम्मावर चढला नव्हता. नरसय्याला इतका हर्ष झाला की त्यानं तिथंच मांडी थापटली आणि एकामागून एक जुड्या बुडवून, ओल्याच, बायकांच्या पुढ्यात टाकल्या.

"वाळवत बसू नका. ओले असतानाच देठ बांधा, घट्ट बसतात. मी पटांगणात जातो. गॅसबत्त्या कोण टांगतंय ते बघायला पायजे, न्हायतर गेल्या वर्षीसारखा अंधार करतील."

तो गेला. सुंदरम्मा परातीपुढं बसली, पहिला थर लावला, दुसरा लावला. तिसऱ्याला तरवड एका बाजूला घसरली. तिची बोटं संधिवातानं आखडली होती, आणि कमलम्माचा हात पहिल्यापासून ढिला. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"अम्मा, मी मागच्या बोळातनं जाऊन येऊ?"

"जा," सुंदरम्मा म्हणाली. "पळ."

महादेवी आली ती पदरानं तोंड झाकून, परसाच्या दारानं. ती सरळ परातीसमोर बसली आणि घसरलेला थर काढून टाकला. तरवड, कुरडू, झेंडू. मध्ये पानांचा चुरा दाबून भरायचा, देठ आत, फूल बाहेर. तिचे हात भराभर चालत होते आणि तिला आतून इतकं बरं वाटत होतं की तिला त्याची लाज वाटली. गल्लीतल्या बऱ्याच सुना या दिवसांत माहेरी गेल्या होत्या. तिचं माहेर करीमनगरकडचं, म्हणजे नुसतं नाव. आईबाप एकाच पटकीत गेले, चुलत्यानं लग्न लावून दिलं आणि नंतर कधी पत्रसुद्धा पाठवलं नाही. लग्न झाल्यापासून तिला सणाला न्यायला कुणी आलं नव्हतं. हे घर होतं तोवर तिला त्याचं इतकं वाटलं नव्हतं. यंदा वाटत होतं.

"वदिना, संध्याकाळी फेराला ये की," कमलम्मा म्हणाली. भावजयीला ती वदिना म्हणायची.

"कुणाच्या घरची म्हणून येऊ?" महादेवीनं मान वर न करता विचारलं.

सुंदरम्मानं सुनेच्या तोंडात मलिद्याचा घास घातला आणि डोळे पुसले.

नरसय्या परतला तेव्हा बतुकम्मा कमरेइतकी उभी होती आणि महादेवी कधीच निघून गेली होती. तो परातीभोवती दोनदा फिरला. एक थर बोटानं ढकलून पाहिला, हलला नाही. "सुंदरम्मा," तो हरखून म्हणाला, "हात अजून तरणा हाय तुझा!"

"असू द्या," सुंदरम्मा म्हणाली आणि घाईनं आत गेली.

चार वाजता सरदारबी बांगडीवाली आली. सणाच्या दिवशी तिच्या टोपलीशिवाय गल्लीतल्या कुठल्याच घराचं पान हलत नसे. ओट्यावर बैठक मारून तिनं कमलम्माचा हात ओढला आणि ओरडली, "या अल्ला! हा हात हाय का काय?"

कमलम्माचे दोन्ही तळवे निळे झाले होते. काम करताना पानांच्या रसानं ते नुसते हिरवट दिसत होते. रस धुतल्यावर निळे उघडे पडले. सुंदरम्मानं आपले हात पाहिले. तेही तसेच. दोघी धावत हौदावर गेल्या, चिंच लावली, राख लावली, लिंबू चोळलं. रंग पक्का होता.

"मिलमध्ये हाताला तेल लावून काम करायचे न्हाय का? आमाला का सांगितलं न्हाय?" कमलम्मा रडकुंडीला येऊन म्हणाली. "आता अशा हातांनी टाळ्या वाजवू?"

नरसय्या गोंधळला. एकतीस वर्षं त्याची स्वतःची नखं निळी होती. हाताला निळं लागतं ही गोष्ट त्याच्या लक्षातच राहिली नव्हती.

सरदारबीला मात्र हसू आवरेना. "आज समद्या गड्डमांनी माटात हात घातले वाटतं! आत्ताच तिकडनं आले. तुमच्या महादेवीचेबी असेच, मनगटापर्यंत. मी म्हटलं, पोरी, तुझा नवरा तर पांढरं सूत विणतोय, मग ह्यो रंग कुटला? तर पोरगी गप. खाली मान घालून बसली."

बोलून झाल्यावर तिला नरसय्याचा चेहरा दिसला. तिनं बांगड्या पटापट टोपलीत टाकल्या आणि "पलीकडं जाऊन येते, अम्मा," म्हणत काढता पाय घेतला.

नरसय्या बतुकम्माकडं पाहत राहिला. घट्ट, सरळ, एकही देठ बाहेर नाही. मघाशीच कळायला हवं होतं.

"माझ्या घरात, माझ्या पाठीमागं?" तो म्हणाला.

"व्हय," सुंदरम्मा म्हणाली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मागच्या दारानं. पुढचं तुमी बंद केलं म्हणून."

"मी? तो माग उचलून गेला!"

"कापड कुणी कापलं?"

"किनार चुकली होती!"

"चुकली होती. आज तुमचं चुकलं न्हाय का? तीन बायकांचे हात निळे केलेत ऐन सणाला. आमी तुमचा माट फोडला का?"

नरसय्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. लहानपणापासून कमलम्मानं बापाचा आवाज ऐकला होता, पण बापाला बोलायला काही न सुचल्याचं आज प्रथम पाहत होती. तो ओट्यावर खाली बसला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग इतक्या हळू आवाजात बोलला की दोघींना वाकावं लागलं.

"चार महिने रोज वाटतंय मला. पण बाप हाय मी. त्याच्या दारात जाऊन काय म्हणू? चुकलो म्हणू?"

सुंदरम्माचा राग तिथंच विरघळला. या माणसाचा तिला चाळीस वर्षं संताप येत होता आणि चाळीस वर्षं तो संताप असाच ऐन वेळी विरून जात होता. ती त्याच्याजवळ बसली.

"त्याच्या दारात जाऊच नका, नायना," कमलम्मा एकदम म्हणाली. तिला सुचलं तसा तिचा चेहरा फुलला. "वदिनाला आणायला जा. मला आणायला येता तसं. तिला माहेर हाय कुटं? लेकीला न्यायला जाण्यात बापाला कसला आलाय कमीपणा?"

नरसय्यानं लेकीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. मग उठला. "कोट काढ. काळा," तो म्हणाला. "आन पायताण नवं. लेकीला आणायला जुन्यानं जातात का कुणी?"

पाच मिनिटांत घरात लग्नघराची धांदल उडाली. सुंदरम्मानं पेटी उलथीपालथी केली, कमलम्मानं कोटाची बटणं लावली आणि चुकीची लावली म्हणून पुन्हा काढली. नरसय्या निघाला. नटूनथटून दारात उभ्या असलेल्या बायकांमधून काळा कोट घालून जमादार चालला होता, आणि प्रत्येक दारातून विचारणा होत होती.

"कुटं चाललात, नरसय्यामामा?"

"लेकीला आणायला!"

"कमला तर आलीया की!"

"ती मोठी!" असं म्हणून तो पुढच्या दाराशी पोचायचा. अकराव्या घरापर्यंत अर्धी गल्ली त्याच्या मागं होती आणि त्याच्या तोंडाला कोरड पडली होती.

आतून मागाचा आवाज येत होता. सणाच्या दिवशी साऱ्या गल्लीत हा एकच माग चालू होता. नरसय्या उंबऱ्याबाहेर थांबला आणि खाकरला. धोटा मध्येच थांबला. येडू मागाच्या खड्ड्यातून उठून आला, बापाला बघून चौकटीला हात लावून उभा राहिला.

"तुझ्याकडं आलो न्हाय," नरसय्या घाईनं म्हणाला. वाटभर घोकलेलं तो एका दमात बोलून गेला. "माझी लेक हितं दिलीया. बतुकम्माला माहेरी न्यायला आलोय. आठ दिवस ठेवून घेणार."

मागं बायका कुजबुजल्या.

"आन परत आणायला?" येडूनं विचारलं.

"जावयानं यायचं असतंय."

"जावयाचं कापड कापत न्हाईत न्हवं तिकडं?"

नरसय्याच्या कानशिलाची शीर उडाली. सगळी गल्ली ऐकत होती. "न्हाय," तो म्हणाला. "ते एकदा झालं. व्हायला नको होतं."

मागच्या कुजबुजीचा आवाज बंद झाला. येडूनं मान खाली घातली. त्यानं चौकटीवरचा हात काढून घेतला.

महादेवी आतल्या भिंतीला टेकून सारं ऐकत होती. निळे हात तिनं पदरात गुंडाळले होते. न्यायला आले. आपल्याला न्यायला कुणीतरी आलं. तिनं फळीवरचं लुगडं ओढलं, गाठोडं बांधलं, मग सोडलं, मग पुन्हा बांधलं. सासऱ्याशी ती कधी तोंडानं बोलली नव्हती. काय हवं-नको ते सासूच्या कानात सांगायचं, नाहीतर भिंतीला ऐकवायचं. आजही तिनं भिंतीकडंच तोंड केलं, पण आवाज मोठा होता, गल्लीला ऐकू जाईल एवढा.

"सांगा त्यांना, लेकीला न्यायला आलेला बाप दारात उभा ऱ्हात न्हाय. आत येतो, पाणी पितो, मग नेतो."

नरसय्यानं उंबऱ्याकडं पाहिलं. तेवढा ओलांडायचा नाही असं ठरवूनच तो घरून निघाला होता. मग त्यानं नवं पायताण काढलं, वाकून आत आला आणि मागाशेजारच्या पोत्यावर बसला. मागावर अर्धी साडी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. मोठ्या कष्टानं, पण पाहिलं नाही. येडूनं तांब्या भरून पुढं धरला. नरसय्यानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि एका घोटात रिकामा केला.

"अजून दे, येडू," तो म्हणाला.

येडू रांजणाकडं धावला.